एकही तक्रार नाही

"सर, आपल्या सॉफ्टवेअर पॅकेजचे दोन स्वतंत्र भाग करू या," असं हाताखालची प्रोग्रामर म्हणाली, तेव्हाच साहेबांना वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. "तुम्ही सारखं बदलता ते एकात, कधीच न बदलणारं दुसऱ्यात. म्हणजे दर नव्या आवृत्तीला ते वापरणाऱ्या लोकांचं काही मोडणार नाही." साहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते, बदलणारा भाग त्यांनी स्वतःच्याच हातात ठेवला. मग आवृत्त्यांवर आवृत्त्या काढल्या. पण पूर्वी दरवेळी बोंब मारणारे लोक आता हूं की चूं करत नव्हते. शेवटी साहेबांनी तिला चहाच्या मशीनपाशी गाठलंच.

"खरं सांग, तक्रारी माझ्यापासून लपवतेस ना?"

"नाही हो, सर." तिनं नजर कपात बुडवली. "सगळ्यांनी फक्त तो न बदलणारा भागच घेतलाय."