आठ घरांची ओळ

१९९८ साली नाशिकच्या एका पेन्शन कार्यालयासाठी मी प्रोग्राम लिहिला आणि तिथेच बसून तो चालवू लागले. संगणकात जागा कमी होती, म्हणून प्रत्येक कुटुंबाची आठ उत्तरं मी एका अक्षराच्या जागेत बसवली. आठ घरं, घरात एक असेल तर हो, शून्य असेल तर नाही. पहिलं घर पती हयात आहे का याचं, दुसरं पत्नी विवाहित आहे का याचं.

मखमलाबादच्या नवसाबाईंचे यजमान सात वर्षांपूर्वी सकाळी कामावर गेले, ते परतलेच नाहीत.

"हाय बी लिहू नका, नाय बी लिहू नका. मधलं काही नाय का, ताई?" त्या दर खेपेला विचारायच्या.

"मधलं काही नसतं, मावशी."

"एवढं मोठं यंत्र, अन् तेवढी बी जागा नाय?"

यंदा मात्र त्यांनी यजमानांना मृत ठरवणारा कोर्टाचा कागद पुढे केला. "घरात दाणा नाय उरला. त्यांचं नाय करा. पण माझं कुंकू तसंच राहू द्या."

मी पहिल्या घरात शून्य भरलं. दुसऱ्या घरातल्या एकाचं आपोआप शून्य झालं. कारकून विसरतील म्हणून ती सोय मीच करून ठेवली होती, आणि त्याशिवाय पेन्शन मंजूर होत नव्हती.

छापून आलेला कागद त्यांनी माझ्याच हातात दिला. "मला वाचता येत नाय. राहिलं ना माझं तसंच?"



'विवाहित: नाही' असं छापलं होतं. मी 'हो' वाचलं.