तेहतिसावी नोंद

"हा पत्ता कुणी ठरवला?" चौकशी समितीतल्या डॉक्टरांनी कागदावरच्या आकड्याखाली बोट ठेवून विचारलं.

"मी," ती म्हणाली. "दोन्ही पत्ते मीच ठरवले."

चौकशीच्या खोलीत पाच माणसं होती. टेबलावर मधोमध तो पंप होता. वहीएवढा, पांढरा, पुढे सहा बटणं. दुखण्याने बेजार झालेल्या रोग्याच्या शिरेत वेदनाशामक औषध थेंबाथेंबाने सोडणारा. शेवटचे दोन महिने तिच्या बाबांना तो घरीच लावला होता. पंप तिच्याच कंपनीचा आणि आतला प्रोग्रॅम तिच्याच हातचा. तीन आठवड्यांपूर्वी त्यातून दसपट वेगाने औषध गेलं, आणि बाबा गेले.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "जरा सोपं करून सांगा."

तिने सांगितलं. आवाज कुठेही हलला नाही.

"प्रोग्रॅममधल्या प्रत्येक व्हेरिएबलला, म्हणजे बदलत्या आकड्याला, मेमरीत जागा लागते. एरवी ती जागा कंपायलर शोधतो, म्हणजे आपला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर. कुणी कुणाच्या अंगावर बसू नये, हे तोच बघतो. पण काही गोष्टी ठरलेल्या ठिकाणीच हव्या असतात, म्हणजे पंप बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी त्या टिकतात आणि बाहेरून वाचता येतात. तिथे पत्ता आपण स्वतः लिहून देतो. मग कंपायलर मध्ये पडत नाही. चुकलं तर आपलंच चुकलं."

"आणि काय चुकलं?"

"एका पत्त्यावर औषधाचा वेग आहे. त्याच्या अलीकडे बटणांच्या नोंदी, कोणतं बटण किती वाजता दाबलं त्याच्या. बत्तीस नोंदींपुरती जागा होती. मागच्या वर्षी मी त्या चाळीस केल्या आणि वेगाचा पत्ता पुढे सरकवायचा राहून गेला. तेहतिसावी नोंद झाली, की ती थेट वेगावर जाऊन पडते."

"या पंपात किती नोंदी निघाल्या?"

"तेहतीस," विभागप्रमुख म्हणाले. ऑफिसात त्यांना शून्यसाहेब म्हणत, कारण चहाचे कपसुद्धा ते शून्यापासून मोजायचे. "काल आम्ही सगळ्यांसमोर वाचल्या. सुरू, बंद, भोंगा बंद, अशा साध्याच आहेत. वेग बदलल्याची एकही नाही."

"पंप घरून कुणी आणला?"

"मीच. दुसऱ्या दिवशी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे स्वतःच्या चुकीचा पुरावा तुम्ही स्वतः आणून दिलात."

पुढे सरकवलेल्या कागदांवर तिने सह्या केल्या. असे बाराशे पंप परत मागवायचे होते. तिची नोकरी आजपासून संपली होती, आणि निष्काळजीपणाचं प्रकरण पोलिसांकडे जाणार होतं.

शून्यसाहेब दारापर्यंत आले. "बारा वर्षं तुझं काम मी डोळे झाकून पास केलं," ते म्हणाले. "तू असं विसरशील हे डोक्यातच आलं नाही."

"विसरले, सर."

"वकील चांगला बघ."

घरी भाऊ आईची बॅग भरत होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने तिच्याकडे पाठ ठेवूनच चेन ओढून बंद केली.

"मी म्हणत होतो, बाबांना हॉस्पिटलातच राहू दे. तू म्हणालीस, माझा पंप आहे, मी आहे. तुझ्या भरवशावर सोडलं, ताई." मग तो वळला. "त्या संध्याकाळी मी माझ्या घरी, तू ऑफिसात, नर्स सातला येणार. आई एकटी त्यांच्याजवळ. तिच्या डोळ्यांदेखत झालं हे. ती आता इथे राहणार नाही."

"ने तिला."

"तू फोनसुद्धा करू नकोस."

"बरं."

तो बॅग घेऊन खाली गाडीकडे गेला. आई बाबांच्या पलंगापाशी उभी होती. गादी काढून टाकली होती, नुसत्या फळ्या उरल्या होत्या.

"तुला आत टाकतील?"

"माहीत नाही. कदाचित वर्षभर. कदाचित नाहीही."

आईने फळीवरून हात फिरवला. "पण नक्की त्या मशीननेच केलं?"

"हो."

"त्यात सगळं लिहिलेलं राहतं, म्हणाली होतीस तू."

"राहतं ना. तेच वाचलं त्यांनी. सगळ्यांसमोर सिद्ध झालं, आई. मशीनचं चुकलं. माझं चुकलं."

आई फळ्यांवर बसली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा रडली, तोंडाला पदर लावून, हुंदके देत. तिने आईला जवळ घेतलं. आईचं अंग पिसासारखं हलकं झालं होतं.

"किती विव्हळायचे गं ते," आई म्हणाली. "तू नसताना तर फारच."

"माहीत आहे मला. बीपीची गोळी चुकवू नकोस. तो तापट आहे, पण जपेल तुला."

खालून हॉर्न वाजला. आईने डोळे पुसले, चपला घातल्या आणि ती जिना उतरली. गाडी वळेपर्यंत मुलगी वर खिडकीत उभी राहिली. मग आत येऊन, आई बसली होती तिथेच बसली.

कंपनीत नेण्याआधी तिने तो पंप घरीच लॅपटॉपला जोडला होता. स्वतःची चूक तिला तेव्हाच सापडली. पण त्या चुकीने बाबांच्या केसालाही धक्का लावला नव्हता, कारण नोंदी एकोणीसच होत्या. शेवटच्या आठ नोंदी त्या संध्याकाळी सव्वापाचच्या होत्या: वेग वाढवा, वेग वाढवा, वेग वाढवा, भोंगा बंद, वेग वाढवा, वेग वाढवा, भोंगा बंद, नक्की करा. त्या सगळ्या तिने पुसल्या आणि त्याच पत्त्यापासून, एकेक मोजत, तेहतीस नव्या लिहिल्या.