शंभरावर अडलेला सर्व्हर

चौथ्यांदाही शंभरच!

तिने कपाळावर हात मारला. सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये चारशे लिहिलं होतं, स्वतःच्या हाताने. फाइल सेव्ह केली होती, उघडून पुन्हा पाहिली होती, सर्व्हर बंद करून चालू केला होता. फाइल म्हणत होती चारशे आणि सर्व्हर म्हणत होता शंभर. म्हणजे एका वेळी तो शंभर जणांनाच आत घेणार. एकशे एकावा कारकून असो नाहीतर डॉक्टर, बसा बाहेर! हॉस्पिटल वाढलं, वर तीन मजले चढले, आणि रोज दुपारी तपासण्यांचे रिपोर्ट अडकायला लागले. आत्ताही खाली एक बाई आईच्या रिपोर्टसाठी दोन तास खिडकीपाशी ताटकळत होती.

"पाच वाजेपर्यंत," मोठे साहेब सकाळी दारातूनच म्हणाले होते. "काम झालेलं हवं, आणि घोळ कुणाचा ते लेखी हवं. नाहीतर उद्यापासून बाहेरची कंपनी बघेल आणि तुम्ही नोंदणीच्या काउंटरवर."

नऊ वर्षं या खोलीत घालवलेल्या बाईला काउंटर!

"आणि सांगतो," साहेब जाता जाता म्हणाले होते, "त्या आबांनीच काहीतरी करून ठेवलेलं असणार."

आबा म्हणजे तिच्या आधी हा सर्व्हर सांभाळणारे. आता निवृत्त. त्यांच्याच हाताखाली ती शिकली होती. माणूस देवासारखा, पण एकदा त्यांच्या चुकीने सर्व्हर चार तास बंद पडला आणि हातातोंडाशी आलेली बढती गेली. चूक त्यांनी स्वतःच कबूल केली होती. तेव्हापासून हॉस्पिटलात काहीही बिघडो, अगदी पंखा अडकला तरी लोक म्हणायचे, "आबांचा हात लागला वाटतं!" तीही हसायची. सर्व्हर बंद पडला त्या दिवशी ती नव्हतीच. भावाच्या लग्नाला गेली होती. आल्यावर सगळं कानावर आलं, एवढंच.

आबांची एक सवय मात्र तिने उचलली होती. कुठलाही आकडा बदलला की त्याच्या डोक्यावर तारीख आणि कारण लिहायचं, आणि खरं तेच लिहायचं. "अगं, काय बदललं ते सर्व्हर सांगेल," आबा म्हणायचे. "का बदललं ते कोण सांगणार?"

साडेचार वाजले. तिने जवळजवळ हात टेकले होते. मग तिला वाटलं, फाइलशी काय भांडत बसलेय मी, सर्व्हरलाच विचारावं की! बाबा रे, हा शंभर तू आणलास कुठून?

सर्व्हरने निमूटपणे एका भलत्याच फाइलचं नाव सांगितलं. ती एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये होती आणि बनवणारे होते आबा. सर्व्हर ती सगळ्यांत शेवटी वाचायचा, आणि शेवटी वाचलेलं तेच खरं, असा त्याचा खाक्या. ती आपली पहिल्या फाइलमध्ये चारशे लिहीत बसली होती. चार हजार लिहिलं असतं तरी त्याला काडीचा फरक पडला नसता.

तिच्या जिवात जीव आला. साहेबांना द्यायचा कागद पुढे ओढून तिने लिहूनही टाकलं, 'जुन्या कर्मचाऱ्याने ठेवलेली छुपी फाइल.' काय हे आबा, असा उद्योग कुणी करतं का! मग तिने ती फाइल उघडली. शंभराच्या डोक्यावर, सवयीप्रमाणे, तारीख आणि कारण होतं. तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

'सोमवार. शुक्रवारी निघायच्या घाईत नव्या मुलीच्या हातून शंभराचे हजार झाले. आज सर्व्हर चालू करताना मशीनला झेपलं नाही, चार तास गेले. तिची नोकरी अजून कच्ची आहे. साहेबांना चूक माझी म्हणून सांगितलं. पुन्हा तसं झालं तर निभावावं म्हणून शंभर इथे पक्का करतो. तिला कळू द्यायचं नाही, उगाच हात कापायला लागतील तिचे.'

तिने ते दोनदा वाचलं. तो शुक्रवार तिला लख्ख आठवला. पाचची बस, भावाची हळद, खुर्चीखाली भरून ठेवलेली बॅग. ती रडली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरून रडली.

मग तिने डोळे पुसले, आबांच्या फाइलमध्ये चारशे लिहिलं, त्याच्या डोक्यावर आजची तारीख आणि कारण लिहिलं आणि सर्व्हर चालू केला. चारशे. खालच्या खिडकीतून भराभर रिपोर्ट निघायला लागले. साहेबांसाठी लिहिलेला कागद तिने फाडला.

बरोबर पाचला साहेब दारात हजर. "झालं ना? शाब्बास! आबाच निघाले की नाही?"

"नाही साहेब," ती उभी राहिली. "माझं एक शून्य जास्त पडलं होतं. नऊ वर्षं आबांनी ते स्वतःच्या नावावर ठेवलं."