शेवंताचं माप

"पाय पुढं कर, आक्का," म्हणत कौसल्यानं पिशवीतले नवे गमबूट शेवंताच्या पायांपाशी ठेवले.

दीड वर्षापूर्वी दोघी सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात अनवाणी उभ्या राहून रक्ताच्या चादरी धुवायच्या. एकदा चादरीतली सुई शेवंताच्या तळपायात घुसली. तिनं कामगार कार्यालयात तक्रार केली, तर ठेकेदारानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. ती तशीच अनवाणी घरी आली. बाकीच्या बायका गप्प राहिल्या, कौसल्यासुद्धा.

यंदा नवा ठेका निघाला. सगळ्यांत कमी दर त्याच ठेकेदाराचा होता. पण शेवंताच्या तक्रारीवरून त्याला शिक्षा झालेली, आणि कामगार कायदा मोडणाऱ्याला आता सरकारी काम द्यायचं नाही असा नियम आलेला. त्याचा अर्ज बाद झाला.

"तुझ्यामुळं सगळ्यांना बूट मिळाले. नव्या ठेकेदाराला आम्ही सांगितलं, आमची एक बाई अजून यायची आहे."

शेवंतानं बूट चढवले. नेमके बसले.

"माझं माप कसं कळलं?"

"तुझ्या चपलांवरून," कौसल्या खाली बघत म्हणाली. "त्या दिवसापासून धुलाईघराच्या दारातच आहेत. आम्ही कुणाला हलवू दिल्या नाहीत."