यानातली टोपली

सुयोगच्या कार्टून मालिकेत तीन डोळ्यांच्या परग्रहवासी कॅप्टनची आणि एका कोळणीची दोस्ती भलतीच भाव खाऊन गेली. माशांची टोपली घेऊन ती बेधडक यानात शिरते आणि कॅप्टन उठून तिला आपली खुर्ची देतो, त्या सीनवर तर पोरं फिदा!

ही कोळीण म्हणजे गोराईहून सुयोगच्या सोसायटीत मासे विकायला येणारी अंजनाबाई. नातवाने मोबाइलवर दाखवल्यापासून ती हरखली होती. सहाव्या मजल्यावर सुयोगच्या दारात टोपली टेकवून ती धापा टाकतच हसली, "सुयोगदादा, मलापन बसव ना रे त्या यानात. गुडघे लय दुखतात."

सुयोगला तिच्या नजरेला नजर देववेना.

तिच्या मागे लिफ्टच्या दारावर, सेक्रेटरी म्हणून त्याच्याच सहीची नोटीस होती: 'मासळीवाल्यांनी जिन्याने यावे.'