पहिली फेक

उदयशेठच्या हातून सुटलेली ताटली जेमतेम हवेत गेली आणि कॅमेऱ्याच्या तिपाईशी येऊन पालथी पडली.

"कट," स्नेहल म्हणाली. "छान होतं शेठ. आणखी एकदा घेऊ."

"वारा आहे," शेठ म्हणाले.

वारा कुठेच नव्हता. गव्हाणच्या बंद पडलेल्या मिठागरावर ऊन असं बसलं होतं की जणू त्यानेच जागा विकत घेतलीय. पण मिठागर शेठचं, दुपारचं जेवण शेठचं. मग वाराही त्यांचाच म्हणायचा.

स्नेहल मुंबईहून आली होती. अल्टिमेट फ्रिस्बी हा ताटली फेकायचा खेळ पनवेलच्या खाडीकाठी कसा रुजला, याची ती फिल्म करत होती. जुने खेळाडू जमवून दोन हजार सातची पहिली फेक पुन्हा उभी करायची होती. तिच्या कागदात असं होतं: उदयशेठ परदेशातून ताटली आणतात, गावच्या पोरांना बोलावतात आणि पहिली फेक करतात. भामा ती झेलते.

भामा लांब उभी होती. सकाळची मासळी विकून थेट आलेली, अंगात टीमची जुनी जर्सी. पहिली फेक घ्यायचीय एवढाच निरोप तिला होता. ती आपली फेक करायला आली होती. झेलायचंय, हे इथे आल्यावर कळलं.

ताटली परदेशातून आलीच असेल, तर पोहत आली. खाडीत भामाच्या जाळ्यात दोन खेकड्यांसकट सापडली. सासूने आठवडाभर तिच्यावर बोंबील वाळवले. मग बंदरावरच्या एका इंजिनीअर बाईने ती पाहिली आणि खेळ शिकवला. पुढे भामाचा हात असा बसला की गव्हाणात अजून सांगतात, एकदा तिने फेकलेली ताटली टेकडीला वळसा घालून परत आली, येताना आंब्याची फांदी आणि हवालदाराची टोपी घेऊन. टोपीचं खोटं असेल. फांदीचं खरं.

तिची पोरगी शाळेत सांगायची, हा खेळ माझ्या आईने आणला. मास्तर हसायचे. फिल्म आली की हसणार नाहीत, असं भामाने पोरीला सांगून ठेवलं होतं.

"ॲक्शन."

या वेळी ताटली डुगडुगत का होईना, भामापर्यंत पोचली. तिने झेलली नाही. ताटली पायाशी पडू दिली आणि हात वर केला.

"फाऊल."

या खेळात पंच नसतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच बोलायचं, आणि तो बोलला की बाकीच्यांनी असतील तिथे थांबायचं. जुने गडी सवयीने थांबले. कल्पेशचा एक पाय पुढे टाकलेला तसाच राहिला.

"कॅमेरा चालू ठेव," स्नेहल हळूच म्हणाली.

"ताटली मना गावली, खारीत," भामा म्हणाली. "पैली फेक माजी. शेटनी त्या दिशी आमच्यावर कुत्रं सोडलं. मिठागरात पाय ठेवाचा नाय म्हणून."

शेठ हसले. "अगं भामे, तू तेव्हा एवढीशी होतीस."

"लगीन जालेलं माजं. तुमी जेवून गेलाव."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"मान्य हाय का नाय, तेवडं सांगा."

"नाही मान्य," शेठ म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"ताई, हे आपण नंतर तुमच्या इंटरव्ह्यूमध्ये घेऊ ना," स्नेहल म्हणाली.

भामाने तिच्याकडे पाहिलंही नाही. दोघांचं जमलं नाही तर ज्याने जवळून पाहिलं त्याला विचारायचं, असा रिवाज. ती प्रितमकडे वळली. प्रितम कॅप्टन. शेठ सुकापूरला नवं टर्फ बांधत होते, तिथे तो पुढच्या महिन्यापासून कोच लागणार होता. त्या टर्फचा टी-शर्ट त्याने आजच घातला होता.

"प्रितम, तू माज्या बाजूला व्हतास. सांग."

प्रितमने मिठाचा एक खडा बुटाने दाबला. "मना नीट दिसलं नाय, ताय."

"दिसलं नाय? पोटरीला दात लागले, इंजेक्शनं घेतलीस, त्ये पन दिसलं नाय?"

"कुत्रं चावलं." तो थांबला. "कुनाचं व्हतं त्ये मना म्हायत नाय."

कल्पेशने पुढचा पाय हळूच मागे घेतला. बाकीच्यांनी माना खाडीकडे वळवल्या. तिकडे भरावाचे डंपर उभे होते. त्यांत बघण्यासारखं काही नव्हतं.

"मग आता काय करायचं?" स्नेहलने विचारलं.

नियम सगळ्यांना ठाऊक होता. वाद मिटला नाही तर ताटली फेकणाऱ्याकडे परत जाते आणि फेक पुन्हा होते. पण पंच नसलेल्या खेळात तो सांगायचा कोणी? भामाने वाट पाहिली. मग वाकून ताटली उचलली.

"पुना फेक," ती म्हणाली.

ती चालत शेठपर्यंत गेली. ताटलीची माती तिने जर्सीला पुसली आणि ती त्यांच्या हातात दिली. शेठनी ती आरतीच्या ताटासारखी धरली. भामा क्षणभर बघत राहिली. मग तिने त्यांचा अंगठा धरून वर ठेवला आणि बाकीची बोटं एकेक करून कडेखाली वळवली.

"भामाताई," कॅमेऱ्यामागून स्नेहल म्हणाली, "तुमचे हात जरा बाजूला घ्या. फ्रेममध्ये येतायत."