अख्खं चर्च उभं राहिलं

"आणि ती भिंत कुणी बांधली?" पाळक डँट्झलर ओरडले.

"आम्ही!" चर्च गरजलं.

बोलता बोलता पाळकांचा आवाज चढला आणि प्रवचनाचं गाणं झालं. ऑर्गन प्रत्येक ओळीमागे धावत येऊ लागला. एक शब्द धरला की ते सोडत नसत. खाली आणत, वर फेकत, रुमालाने घाम पुसून पुन्हा तोच शब्द. पडलेलं शहर हातांनी उभारणाऱ्या माणसांची बायबलातली गोष्ट होती. ऐकून अंगावर काटा आला नाही असा माणूस त्या दिवशी आत नव्हता. पहिल्या बाकावर वर्लीन टॉलिव्हर बाईंचे डोळे वाहत होते.

बाई शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभ्या होत्या. पाइन स्ट्रीटच्या ज्या शाळेत त्यांनी सारा जन्म शिकवलं, ती बंद करायचं घाटत होतं. या वॉर्डातून एकच सभासद जायचा. तो शाळेच्या बाजूचा निघाला तर ती वाचणार, नाहीतर कुलूप. समोर होता वेड हट्टो, टायरवाला. तो म्हणायचा, मुलंच उरली नाहीत, रिकामे वर्ग कशाला पोसायचे? भर सभेत बाईंनी त्याला सुनावलं होतं, "मुलं नाहीत? रविवारी आमच्या चर्चला या. बसायला जागा मिळाली तर मला सांगा!"

आत उकडत होतं. प्रत्येकाच्या हातात बाईंनी वाटलेला पुठ्ठ्याचा पंखा, त्यावर बाईंचा फोटो. जिकडे बघावं तिकडे त्यांचाच चेहरा हलत होता.

"आपल्या बाईंच्या पाठीशी कोण आहे?" पाळकांनी सूर ओढला. "उभे राहा!"

अख्खं चर्च उभं राहिलं. गाणारी पोरंसोरं उभी राहिली. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यासुद्धा पुढचं बाक धरून उठल्या.

प्रार्थना संपल्यावर चर्चचा कारभार बघणारे डीकन गॅड्सडेन हळूच जवळ आले. चर्चची व्हॅन तेच चालवत.

"बाई, हट्टो गल्लीगल्लीत दारं वाजवत हिंडतोय. आपणही एक चक्कर मारू या का?"

"वाजवू दे की. ज्याच्यामागे माणसं नाहीत त्याने दारं वाजवावीत," बाई हसल्या. "आत्ता पाहिलंत ना, काका?"

डीकन काही बोलणार होते, पण तेवढ्यात कुणीतरी बाईंच्या गळ्यात पडलं.

आमच्या लोकांत कुठले म्हणून विचारलं तर कुणी गल्ली सांगत नाही. चर्च सांगतात.

मंगळवारी अग्निशमन केंद्रात मतदान होतं. प्रचारकांसाठी आखून दिलेल्या रेषेबाहेर बाई सकाळपासून उभ्या होत्या, रविवारची टोपी घालून. मतदार येत होते. गिरणीमागच्या चाळीतले, नव्याने राहायला आलेले, टायर बदलायला हट्टोकडे जाणारे. बाई एकालाही ओळखत नव्हत्या. ते हट्टोला मात्र हात करत होते.

"काय मास्तरीणबाई, तुमचं चर्च उशिरा उठतं वाटतं?" हट्टोने लांबूनच विचारलं.

"देवाची माणसं सावकाश येतात, वेड. पण येतात ती गात येतात."

दुपारी त्यांनी डीकनना व्हॅन घेऊन पिटाळलं. व्हॅन परत आली तेव्हा तिच्यातून चार म्हाताऱ्या उतरल्या. चौघीही चर्चच्या मागेच राहणाऱ्या.

"आणि बाकीचे?"

"कुठून आणू, बाई?" डीकननी मान खाली घातली. "बाकीचे हायवेपलीकडे मत देतायत. घर तिथं, तर मतही तिथल्याच वॉर्डात."

ती नवी घरं बाईंना ठाऊक नव्हती असं थोडंच होतं? एकेका घराच्या पहिल्या जेवणाला त्या स्वतः केक भाजून घेऊन गेल्या होत्या. तिथल्या बागा, तिथले पडदे, सगळं पाठ होतं. पण मनातून त्यांनी त्या माणसांना पाइन स्ट्रीटवरून कधी हलवलंच नव्हतं.

अंधार पडायला आला तेव्हा पाळक डँट्झलर आले. कोटावर 'मी मत दिलं'चा स्टिकर होता. त्यांनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

"सकाळीच मत टाकलं तिकडे. आणि घरी सगळ्यांना गुडघ्यावर बसवलं, तुमच्यासाठी." त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते.

मागे केंद्राचं दार लावून घेत होते. निकाल लागायचा होता, पण बाईंना तो कळला होता.

"डॅरियस," त्या म्हणाल्या. पाळक झाल्यापासून या नावाने त्यांनी त्यांना कधी हाक मारली नव्हती. "तुला अक्षरं मी गिरवायला शिकवली, याच शाळेत. तुझी आई इथल्या मातीत आहे. चर्च इथं आहे. मग राहायला पलीकडे का गेलास रे?"

पाळकांनी खाली पाहिलं. व्यासपीठावरून ते कधी खोटं बोलले नव्हते, खालीही बोलले नाहीत.

"पोरांच्या शाळेसाठी, बाई."